प्रोसेसरचं कूळ विचारावं, पण कशासाठी?

सप्टेंबर २०२५मध्ये दिल्लीत सेमिकॉन इंडियाच्या व्यासपीठावर पंतप्रधानांच्या हाती 'विक्रम' ही ३२ बिटची चिप ठेवण्यात आली आणि आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचच्या ग्रुपवर बराच काळ दुसरा विषयच नव्हता. डिसेंबरमध्ये सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा 'ध्रुव६४' प्रोसेसर जाहीर झाला, तेव्हा पुन्हा तेच. एक गट म्हणतो, आता कुणापुढे हात पसरायला नको, भारतानं स्वतःचा प्रोसेसर बनवला. दुसरा गट लगेच उट्टं काढतो: इन्स्ट्रक्शन सेट अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाचा, कंपायलर (प्रोग्राम प्रोसेसरच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर) फुकटात मिळालेला, चांगली फॅब, म्हणजे चिपचा कारखाना, परदेशातली, मग यात आपलं काय? आधी 'शक्ती' या भारतीय प्रोसेसरची अशीच चिरफाड झाली, मग 'अजित'ची, सी-डॅकच्याच 'वेगा'ची.

मी केंब्रिजमध्ये राहते आणि प्रोसेसरचं व्हेरिफिकेशन करते. म्हणजे डिझाइन फॅबकडे जाण्याआधी त्यातल्या चुका शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळेच असेल, पण या वादातल्या दोन्ही बाजू मला सारख्याच वाटतात. दोघांनाही फक्त चिपचा जन्मदाखला हवा असतो. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. प्रोसेसरचं मात्र जरूर विचारावं, पण त्यात मिरवण्यासारखं किंवा लाजण्यासारखं काही असतं म्हणून नव्हे.

आधी मूळ मुद्दा. 'शक्ती', 'वेगा' आणि 'ध्रुव६४' ज्यावर बेतलेले आहेत तो बर्कलेचा रिस्क-फाइव्ह हा प्रोसेसर नाही, इन्स्ट्रक्शन सेट आहे. बेरीज कर हे कोणत्या बिटांत सांगायचं, मेमरीतून आकडा कसा उचलायचा, प्रोग्रामनं वळण कुठे घ्यायचं, याचा सॉफ्टवेअर आणि हार्डवेअर यांच्यातला करार. २०१० साली बर्कलेच्या विद्यापीठात क्रस्ते असानोविच, अँड्र्यू वॉटरमन, युनसप ली आणि डेव्हिड पॅटरसन यांनी त्यावर काम सुरू केलं. बर्कलेतलं हे पाचवं रिस्क (मोजक्या, सोप्या सूचनांचं) डिझाइन, म्हणून 'फाइव्ह'. पहिलं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीचं. हा करार कुणीही वापरावा, रॉयल्टी नाही. पण तो पाळणारा प्रोसेसर ज्याचा त्यानं घडवायचा असतो. पाइपलाइनचे टप्पे किती, कॅश केवढी, इंटरप्ट आला की अर्धवट राहिलेल्या कामाचं काय करायचं, हे त्या करारात लिहिलेलं नसतं आणि खरी मेहनत तिथेच असते. आयआयटी मद्रासमध्ये प्रा. कामकोटी यांच्या गटानं २०१४पासून ती मेहनत घेतली आणि 'शक्ती'चा कोड बीएसडी लायसन्सखाली सगळ्यांसाठी खुला ठेवला. त्याला नक्कल म्हणणाऱ्यांना हा फरक ठाऊक नसतो. काहींना ठाऊक असतो, पण सोयीचा नसतो.

आता हीच फूटपट्टी मी राहते त्या गावाला लावून बघा. प्रोसेसरचे आराखडे लायसन्सवर देणाऱ्या आर्म कंपनीचं मुख्यालय केंब्रिजमध्ये आहे आणि आर्म ही ब्रिटिश बुद्धीची कमाई आहे याबद्दल इथे कुणाच्याही मनात शंका नाही. पण कूळ काढायचंच ठरवलं तर? १९८३मध्ये इथल्या एकॉर्न या संगणक कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी पहिल्या आर्म प्रोसेसरचं काम सुरू केलं, तेव्हा त्यांच्यासमोर बर्कलेचे रिस्कवरचे पेपर होते. मूठभर माणसं प्रोसेसर बनवू शकतात हा धीर त्यांना अमेरिकेतल्या फिनिक्सजवळची एक छोटी कंपनी पाहून आला. पहिली चिप तयार करून दिली व्हीएलएसआय टेक्नॉलॉजी या अमेरिकन कंपनीनं. २६ एप्रिल १९८५ला ती केंब्रिजला पोहोचली, बोर्डावर बसवली आणि चालली. जेमतेम २५,००० ट्रान्झिस्टर. प्रेरणा अमेरिकेची, सिलिकॉन अमेरिकेचं, आणि तरी ती अस्सल ब्रिटिश. ते बरोबरही आहे, कारण इन्स्ट्रक्शन सेट विल्सन यांनी स्वतः रचला, डिझाइन इथे झालं आणि त्या कामातून तयार झालेली माणसं याच परिसरात राहिली.

'शक्ती'ची पहिली चिप २०१८मध्ये इंटेलच्या फॅबमध्ये २२ नॅनोमीटरवर बनली (हा आकडा जितका लहान तितकं तंत्र पुढचं), दुसरी त्याच वर्षी चंदीगडच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरवर. डिझाइन लिहिलं ब्लूस्पेक या भाषेत. ती आली एमआयटीतून, प्रा. अरविंद यांच्या संशोधनातून, आणि अरविंद होते आयआयटी कानपूरचे. आता यात देशी काय आणि परदेशी काय हे टक्क्यांत मांडून दाखवावं कुणी. आर्मला जो हिशेब लागू होत नाही तो शक्तीला का लावायचा, याचं उत्तर मला ग्रुपवर अजून मिळालेलं नाही.

दाखला घरचाच हवा असेल तर मुंबईत आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५५मध्ये ज्या संगणकाचं काम सुरू झालं आणि १९६०मध्ये जो टिफ्रॅक या नावानं रुजू झाला, त्याचा आराखडा प्रिन्स्टनच्या आयएएस यंत्रावर बेतलेला होता. बर्क्स, गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमन यांनी त्या यंत्रामागचे अहवाल १९४६पासून लपवले नाहीत, वाटले. त्यावरून सिडनीत सिलियाक झाला, स्टॉकहोममध्ये बेस्क, इस्रायलमध्ये वायझॅक आणि मुंबईत आपला टिफ्रॅक. २,७०० निर्वात नळ्या, ४० बिटांचे २,०४८ शब्द मावणारी फेराइट कोअर मेमरी. हार्डवेअरच्या बाबतीत ओपन सोर्स हे नाव तेव्हा नव्हतं, पण व्यवहार हाच होता: अहवाल त्यांचा, यंत्र आमचं. त्या यंत्रावर हात बसलेल्या माणसांनी पुढे देशात संगणकाचं शिक्षण उभं केलं. टिफ्रॅक अस्सल आहे का, हा प्रश्न आज कुणी विचारत नाही.

'परम ८०००'बद्दलही कुणी विचारत नाही. सी-डॅकनं १९९१मध्ये पुण्यात उभारलेल्या त्या महासंगणकात इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर होते. शेकडो प्रोसेसर एकमेकांशी बोलते करणं, ते सॉफ्टवेअर लिहिणं, ही आपली करामत, आणि ती मोठी होती. पण कूळ विचारायला हवं होतं ते इथे. इनमॉस १९८९मध्येच विकली गेली होती आणि ट्रान्सप्युटरचा वंश पुढे खुंटला. परमच्या पुढच्या पिढ्यांना दुसऱ्या प्रोसेसरांकडे वळावं लागलं. ज्या घरातून इन्स्ट्रक्शन सेट घेतला त्या घरात उद्या दिवा लावायला कोण असणार आहे, हा माझा प्रश्न आहे. प्रोसेसर कुठे जन्मला यापेक्षा मला त्याची काळजी जास्त वाटते.

या बाबतीत ब्रिटननं जो धडा घेतला तो मी जवळून पाहते आहे. २०१६मध्ये जपानच्या सॉफ्टबँकेनं आर्म सुमारे २४ अब्ज पौंडांना विकत घेतली. २०२०मध्ये एनव्हिडिया या चिप कंपनीनं ती घ्यायचं ठरवलं. नियामकांच्या विरोधामुळे तो सौदा फेब्रुवारी २०२२मध्ये मोडला. २०२३मध्ये शेअर बाजारात यायची वेळ आली तेव्हा आर्मनं लंडन सोडून नॅस्डॅक निवडला आणि इथल्या वर्तमानपत्रांनी घरातलं रत्न गेल्यासारखा शोक केला. जन्मदाखला शंभर टक्के ब्रिटिश असूनही मालकी एका कराराने समुद्रापार गेली. त्या काळात आर्मचं लायसन्स घेऊन चिप बनवणाऱ्या जगभरच्या कंपन्यांची झोप उडाली होती, कारण उद्या आपलाच स्पर्धक आपला घरमालक होईल अशी भीती होती. रिस्क-फाइव्हकडे ओढा वाढला त्यात या भीतीचा वाटा आहे. त्याला विकत घ्यायचं म्हटलं तरी विकणारा मालकच नाही.

खुलेपणाही नीट तपासून घ्यावा लागतो, हेही त्याच काळात दिसलं. मिप्स हा स्टॅनफर्डच्या परंपरेतला जुना, प्रतिष्ठित इन्स्ट्रक्शन सेट. त्याच्या मालकांनी डिसेंबर २०१८मध्ये तो खुला करण्याची योजना जाहीर केली आणि वर्षही उलटलं नाही तोच, नोव्हेंबर २०१९मध्ये, ती गुंडाळली. ज्यांनी विश्वासानं काम सुरू केलं होतं ते तोंडघशी पडले. पुढे मिप्स कंपनी स्वतःच रिस्क-फाइव्हकडे वळली.

मग सगळ्या पाशांतून मोकळं व्हायचं तर इन्स्ट्रक्शन सेटही आपलाच असावा, असं ग्रुपवरचा एक मित्र नेहमी म्हणतो. विक्रम तसाच आहे. थिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रानं स्वतःचा इन्स्ट्रक्शन सेट घेऊन तो घडवला, चंदीगडला १८० नॅनोमीटरवर तो बनतो, आणि त्याचा १६ बिटचा पूर्वज २००९पासून आपल्या प्रक्षेपकांवर उडतो आहे. रॉकेटसाठी हे शहाणपणाचं आहे. तिथे एकच ग्राहक असतो, सॉफ्टवेअर स्वतःचं, आणि चिप वर्षानुवर्षं तशीच मिळत राहणं वेगापेक्षा महत्त्वाचं. पण त्याची किंमतही बघा. एडा या प्रोग्रामिंगच्या भाषेचा कंपायलर, असेम्बलर, लिंकर, सिम्युलेटर, सगळं इस्रोला स्वतः लिहावं लागलं. इस्रोला ते झेपतं. पण वीजमीटर किंवा राउटर बनवणाऱ्या कंपनीला कोण लिहून देणार? शिवाय लिहून काम संपत नाही, पुढे दरवर्षी ते चालतं ठेवावं लागतं.

लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, याचा पुरावाच आहे. २०१८मध्ये ४.१७ या आवृत्तीतून एका फटक्यात आठ आर्किटेक्चर, म्हणजे प्रोसेसरची घराणी, काढून टाकली गेली. त्यात ॲनालॉग डिव्हाइसेसचं ब्लॅकफिन होतं, पॅनासॉनिकचं एक, मित्सुबिशीच्या वंशातलं एक, ब्रिटनच्या इमॅजिनेशन कंपनीचं मेटा. सगळी भरभक्कम कंपन्यांची, सगळी आपापल्या देशात स्वदेशी. पण कोड सांभाळणारं कुणी उरलं नव्हतं. त्याच वर्षी जानेवारीत ४.१५मध्ये रिस्क-फाइव्ह आत आला होता. पुढे इंटेलच्या इटॅनियमलाही ६.७मध्ये बाहेरचा रस्ता दाखवण्यात आला; इंटेलइतका पैसा असूनही.

म्हणून आयआयटी मुंबईच्या 'अजित'कडे मी जरा वेगळ्या नजरेनं पाहते. २०१९मध्ये तो जाहीर झाला तेव्हा रिस्क-फाइव्हची लाट असताना यांनी स्पार्क हा जुना इन्स्ट्रक्शन सेट का निवडला असं बऱ्याच जणांनी विचारलं. स्पार्कही बर्कलेच्याच पहिल्या रिस्क डिझाइनचा वंशज, सन कंपनीनं वाढवलेला, आणि त्याची आठवी आवृत्ती १९९४मध्ये आयईईई या इंजिनिअरांच्या संस्थेचं मानक झाली. म्हणजे कायदेशीर अडचण नाही, कंपायलर तयार. आज मोठ्या सर्व्हरच्या जगात स्पार्कचं कुणी वाली नाही हे खरं. पण युरोपच्या अंतराळ संस्थेसाठी घडलेला लिऑन हा त्याच घराण्यातला खुला प्रोसेसर अवकाशयानांमध्ये काम करतो आहे आणि त्याच्यासाठी जीसीसी हा खुला कंपायलर सांभाळणारी माणसं आहेत. घरमालक गेला तरी भाडेकरूंनी वाडा उभा ठेवला आहे. अजितच्या निवडीवर वाद घालायचाच तर तो या मुद्द्यावर घालावा: ही माणसं आणखी किती वर्षं पुरतील, आणि त्यांत मुंबईचं कुणी आहे का?

माझ्या रोजच्या कामात कूळ येतं ते याच अर्थानं. झुरिकची ईटीएच आणि बोलोन्याचं विद्यापीठ यांच्या पल्प प्रकल्पात 'झिरो-रिस्की' नावाचा रिस्क-फाइव्हचा एक चिमुकला कोअर, म्हणजे प्रोसेसरचा गाभा, जन्मला. २०१८च्या अखेरीस तो केंब्रिजमधल्या लो-रिस्क या ना-नफा संस्थेकडे आला आणि त्याचं नाव आयबेक्स झालं. विद्यार्थ्यांच्या हातचा कोअर जसा असतो तसा तो होता: हुशार, आटोपशीर, आणि प्रत्यक्ष उत्पादनात घालायला अजून कच्चा. त्यानंतर त्यावर जे झालं ते कुठल्याही बातमीत येणार नाही. यदृच्छया तयार केलेल्या सूचनांचा मारा त्याच्यावर करायचा, प्रत्येक सूचनेनंतर त्याचं उत्तर दुसऱ्या स्वतंत्र मॉडेलच्या उत्तराशी ताडून बघायचं, डिझाइनचा कोणता कोपरा अजून तपासला गेला नाही याची नोंद ठेवायची, आणि सापडलेली प्रत्येक चूक सगळ्यांसमोर मांडायची. असं वर्षानुवर्षं. मग तो ओपनटायटन या सुरक्षा चिपच्या गाभ्यात बसला. या क्षेत्रात अर्ध्याहून अधिक श्रम व्हेरिफिकेशनवर जातात असं मानतात, आणि ते का, हे इंटेलला १९९४मध्ये कळलं. पेंटियमच्या भागाकारातल्या एका चुकीपायी त्यांना ४७.५ कोटी डॉलर बाजूला ठेवावे लागले होते.

आयबेक्स स्विस, इटालियन की ब्रिटिश, हा विषय इथे चहाच्या वेळीही निघत नाही. टेस्ट कुणी लिहिल्या, हे मात्र विचारलं जातं.

आणि टेस्ट कुणी लिहिल्या याचं एक उत्तर चेन्नई आहे! रिस्क-फाइव्हचा प्रोसेसर करार नीट पाळतो की नाही हे तपासायला जगभर कित्येक वर्षं रिस्कॉफ नावाची चौकट वापरली गेली. ती 'शक्ती'च्या मुशीतून बाहेर पडलेल्या इनकोअर या चेन्नईच्या कंपनीत घडली, आणि तिच्या आजूबाजूच्या साधनांत आयआयटी मद्रासचा हात आहे. माझ्या मते भारतातून रिस्क-फाइव्हच्या जगाला मिळालेल्या मोलाच्या गोष्टींत तिचा क्रमांक बराच वर आहे. कुठल्याही व्यासपीठावर ती कुणाच्या हाती ठेवता येत नाही, हीच तिची अडचण. आमच्या ग्रुपवर मी तिच्याबद्दल लिहिलं तेव्हा एक अंगठा आला. विक्रमच्या फोटोला किती आले ते सांगत नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, परदेशात बसून हे सांगणं सोपं आहे. काही अंशी मान्य. इथले माझे सहकारी चिप कुणाचीही असो, कुठेही बनो, काय बिघडतं, असं म्हणून खांदे उडवतात, तेव्हा मला ते पटत नाही. ज्यांना कधी नकार मिळालेला नाही त्यांना हा निवांतपणा परवडतो. १९८०च्या दशकात अमेरिकेनं आपल्याला हवा तो क्रे महासंगणक दिला नाही, त्या नकारातून सी-डॅक उभी राहिली. रिस्क-फाइव्हची संस्था अमेरिकेतून हलून २०२०मध्ये स्वित्झर्लंडमध्ये नोंदवली गेली ती उगाच नव्हे, अमेरिकी निर्बंधांच्या भीतीनं. आणि २०२३मध्ये अमेरिकी लोकप्रतिनिधींनी चीनच्या संदर्भात रिस्क-फाइव्हवरच निर्बंधांची मागणी केली तेव्हा ती भीती पोकळ नव्हती हे दिसलं. एवढंच कशाला, खांदे उडवणाऱ्यांच्याच सरकारनं नोव्हेंबर २०२२मध्ये वेल्समधली न्यूपोर्टची फॅब विकून टाकायला तिच्या चिनी मालकीच्या कंपनीला भाग पाडलं. तेव्हा फॅब हवी, आणि १८० नॅनोमीटरच्या पुढची हवी, याबद्दल मी घरच्या बाजूची आहे.

फक्त फॅब आली म्हणून प्रोसेसर टिकत नाही. केंद्र सरकारच्या डिझाइन लिंक्ड इन्सेंटिव्ह योजनेत चिप डिझाइनच्या खर्चापैकी निम्मी रक्कम, १५ कोटी रुपयांच्या मर्यादेत, परत मिळते. विक्री झाली तर त्यावर वेगळं प्रोत्साहन. योजना वाईट नाही. पण चिप बाहेर पडल्यावर पाच वर्षं तिचा कंपायलर, कर्नलमधला कोड आणि टेस्ट सांभाळणाऱ्या माणसांच्या पगारासाठीही तिच्यात जागा हवी. आणि सरकारी पैशातून झालेल्या प्रत्येक प्रोसेसरचं मॅन्युअल, टेस्टबेंच (तपासणीची सगळी मांडणी) आणि ज्ञात दोषांची यादी, जिला आमच्या धंद्यात एर्राटा म्हणतात, ती सगळ्यांना पाहता यावी अशी अट हवी.

ही शेवटची अट मांडल्यावर ग्रुपवरचा मित्र म्हणाला, अगं, दोषांची यादी छापली तर दुसऱ्या दिवशी 'सरकारी चिप सदोष' अशी बातमी येईल. येईलही. आर्म आणि इंटेल पानंच्या पानं एर्राटा छापतात आणि ग्राहक ती वाचूनच डिझाइन करतात. यादी नसलेली चिप कुणी खरेदीसाठी पुढे केली तर मी आधी हेच विचारेन की ही कुणी वापरली तरी आहे का. पुढची घोषणा होईल तेव्हा तिच्या फोटोखाली मी एवढंच लिहिणार आहे: एर्राटा कुठे मिळेल, जीसीसीमध्ये पॅच कुणाच्या नावानं जातात, आणि त्या माणसाचा पुढच्या मार्चनंतरचा पगार कोणत्या खात्यातून निघतो?